पेट्रोलिनाचा विमानतळ: सव्वातीन किलोमीटरची धावपट्टी, पण फळं ट्रकनेच

केळीचे भाव कोसळले की जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यात एक मागणी अधूनमधून वर येते: जळगावची धावपट्टी वाढवा, शेजारी शीतगृह बांधा आणि माल विमानाने थेट आखातात पाठवा. ही दोन्ही कामं चाळीसेक वर्षांच्या काळात करून बसलेला एक विमानतळ जगात आहे. ब्राझीलच्या ईशान्येतलं पेट्रोलिना. ठिबक, टिश्यू कल्चर किंवा पॅकहाऊसच्या कामासाठी तिकडे जाणाऱ्या खान्देशी माणसाला तो प्रवासी म्हणून कसा वाटेल आणि शेतमालाच्या नजरेने त्यातून काय शिकता येईल, असा दुहेरी हिशेब इथे मांडला आहे. प्रवाशाला तो सोयीचा आहे. मालाच्या बाबतीत त्याचं नाव मोठं आहे, काम मात्र नावाएवढं नाही, आणि त्यात विमानतळाचा दोष फारसा नाही.

आधी जागा समजून घेऊ. पेट्रोलिना हे पेर्नांबुको राज्याच्या अगदी पश्चिम टोकाचं शहर, साओ फ्रान्सिस्को नदीच्या उत्तर काठावर. पूल ओलांडला की समोर बाहिया राज्यातलं जुआझेरू. आपलं भुसावळ-जळगाव जसं एका दमात बोललं जातं तशी ही जोडी, फक्त मधे राज्याची हद्द आहे. मुलूख कोरडा, काटेरी झुडपांचा. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या अमळनेर-पारोळ्यापेक्षाही हात आखडता. पण वरच्या अंगाला सोब्राडिन्यो धरणाचा प्रचंड जलाशय आहे आणि त्यातून पाणी उचलणारा निलो कोएल्यो सिंचन प्रकल्प १९८४ पासून चालू आहे. पाणी हातात आणि थंडी नाही, त्यामुळे द्राक्षाची वर्षात दोन पिकं निघतात आणि आंब्याला हवा तेव्हा मोहर आणता येतो. मृगबाग आणि कांदेबाग असा हंगाम वाटून घेणाऱ्या केळीवाल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला. त्याचं नाव सिनेटर निलो कोएल्यो विमानतळ. हे गृहस्थ पेट्रोलिनाचेच. १९६७ ते १९७१ पेर्नांबुकोचे राज्यपाल, पुढे सिनेटर, आणि १९८३ मध्ये सिनेटच्या अध्यक्षपदावर असतानाच वारले. (तिकडे राज्यपाल म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री समजावा, राजभवनातला नव्हे.) सिंचन प्रकल्पालाही त्यांचंच नाव आहे. मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाच्या गावाला विमानतळ मिळतो, हे आपल्याला नवं नाही. जळगावला १९७३ पासून सार्वजनिक बांधकाम खात्याची धावपट्टी होती, ती पुढे नगरपालिकेकडे आणि मग महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेली. खऱ्या अर्थाने विमानतळ उभा राहिला तो प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २०१२ च्या मार्चमध्ये.

पेट्रोलिनाचा कारभार बरीच वर्षं इन्फ्रायेरोकडे होता, म्हणजे आपल्या विमानतळ प्राधिकरणासारख्या सरकारी कंपनीकडे. ७ एप्रिल २०२१ च्या लिलावात ब्राझीलने एका दिवसात बावीस विमानतळ ३० वर्षांच्या कराराने खासगी हाती दिले. त्यातल्या मध्य गटात गोयानिया, साओ लुईस, तेरेसिना, पाल्मास, इंपेराट्रिझ यांच्याबरोबर पेट्रोलिनाही होतं आणि तो गट सीसीआर या कंपनीने घेतला. हीच कंपनी २०२५ मध्ये नाव बदलून मोतिव्हा झाली, त्यामुळे जुन्या आणि नव्या पाट्या-कागदांवर दोन नावं दिसली तरी गोंधळू नये. लिलावाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. कमाईच्या विमानतळाबरोबर लहान विमानतळ एकाच गाठोड्यात बांधून विकले. नुसत्या इंपेराट्रिझला गिऱ्हाईक मिळणं कठीण होतं, गोयानियाबरोबर ते खपलं.

आता धावपट्टी. लांबी ३,२५० मीटर, रुंदी ४५ मीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटरची आणि दुसरी २,८७१ मीटरची. पेट्रोलिना या दोहोंच्या मधोमध बसतं. पुण्याची अडीच किलोमीटरच्या जरा वर आहे. जळगावची सुमारे पावणेदोन, एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानापुरती. एवढ्या आडगावाला एवढी लांबी कशाला, याचं उत्तर उन्हात आणि वजनात आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास पावणेचारशे मीटरवर आहे आणि दुपारी पारा सहज पस्तिशीला टेकतो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून विमानाला जास्त पळावं लागतं. त्यात युरोप गाठण्याएवढं इंधन आणि पोटात शंभर टन माल असला तर पळ आणखी लांबते. धावपट्टी तोकडी असेल तर वैमानिकापुढे दोनच वाटा उरतात: माल उतरवा किंवा इंधन कमी भरा आणि मधे कुठेतरी थांबा. मेमधल्या ४४ अंशांत जळगावहून भरलेलं एटीआर सोडताना हाच हिशेब लहान आकड्यांत मांडावा लागतो. सत्तर प्रवासी आणि त्यांच्या बॅगा बसल्यावर मालासाठी उरतो तो टनाच्या आतबाहेरचा वाव, आणि उन्हाने आधी त्यालाच कात्री लागते.

शीतगृहाच्या बाबतीत पेट्रोलिनाने काटकसर केलेली नाही. मालाची स्वतंत्र इमारत आहे, तिच्यात थंड खोल्या आणि फळं झटपट गार करण्याचे बोगदे आहेत, आणि जंबो मालवाहू विमान उभं राहील एवढी जागाही आहे. हे सगळं का लागतं ते आंब्याच्या पेटीमागे चालत गेलं की कळतं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यात फळमाशीची अळी जिवंत राहू नये म्हणून तो ४६.१ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवतात. टॉमी ॲटकिन्स किंवा केंट या जातींसारखं गोल फळ ५०० ग्रॅमपर्यंतचं असेल तर ७५ मिनिटं, ५०० ते ७०० ग्रॅमचं असेल तर ९० मिनिटं. त्यामुळे आकारानुसार प्रतवारी आधी आणि बुडवणं नंतर. टबात एक जरी मोठं फळ चुकून गेलं तर वेळ त्याच्या हिशेबाने धरावी लागते, नाहीतर अख्खी खेप अडते. बाहेर काढल्यावर लगेच गार पाण्यात टाकायचं नाही. अर्धा तास थांबायचं, कारण गराच्या आतली उष्णता तेवढा वेळ आपलं काम करत असते. मग वाऱ्याच्या बोगद्यातून १० ते १२ अंशांपर्यंत आणायचं. त्याखाली गेलं तर आंबा थंडीने भाजतो, साल करडी पडते आणि तो नीट पिकत नाही. द्राक्षाला याउलट शून्याजवळचं तापमान लागतं. म्हणून आंबा आणि द्राक्ष एका खोलीत ठेवणारा माणूस दोन्हींतलं एक नक्की बिघडवतो. केळीला १३ ते १४ अंश लागतात, ती तिसरीच खोली झाली.

आपल्याकडे अमेरिकेच्या आंब्यासाठी गरम पाण्याऐवजी विकिरणाची वाट धरली. त्यातलं एक केंद्र खान्देशाच्या उंबऱ्यावरच, लासलगावला आहे, आणि २००७ मध्ये अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं ते याच प्रक्रियेमुळे. पेट्रोलिनाकडे माशीवर आणखी एक उपाय आहे: नदीपलीकडे जुआझेरूत वंध्य केलेल्या नर माश्या वाढवून बागांवर सोडणारी संस्था.

थंड साखळी बहुतेक वेळा शीतगृहात तुटत नाही, ती तुटते खोलीच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंतच्या टप्प्यात. १० अंशांची पेटी पस्तीस अंशांच्या डांबरावर आली की खोक्यावर दव धरतं. पुठ्ठा मऊ पडतो, खालच्या थरावर वरचं वजन बसतं, आणि ओल्या सालीवर आठवड्याभरात काळे ठिपके उठतात. शीतगृहाचं उद्घाटन करताना हा टप्पा कुणी मोजत नाही. जळगावात असं काही उभं करायचं ठरलंच तर खोलीच्या टनांआधी या अंतराचे मीटर आणि मिनिटं विचारावीत.

एवढं असूनही या खोऱ्यातला बहुतेक आंबा आणि द्राक्षं ट्रकने बंदरावर जातात आणि तिथून जहाजाने. एकेकाळी कार्गोलक्स या लक्झेंबर्गच्या माल-कंपनीची मालवाहू विमानं पेट्रोलिनाहून लक्झेंबर्गकडे उडत. पण त्यावर रोजचा धंदा उभा राहिला नाही.

कारण कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा: रिटर्न भाडं. मालवाहू विमान युरोपातून निघतं तेव्हा त्याच्या पोटात पेट्रोलिनासाठी काय असणार? गाव फळांचं आहे, परदेशातून शंभर टन महागडी यंत्रं किंवा औषधं दर आठवड्याला मागवणारं नाही. मग विमान साओ पाउलोच्या बाजूला माल उतरवून रिकामं इकडे येणार आणि त्या रिकाम्या फेरीचं भाडंही आंब्यावरच बसणार. शिवाय हंगाम. अमेरिका-युरोपला आंबा जातो तो मुख्यतः ऑगस्ट ते डिसेंबरात, विमान मात्र बारा महिने हप्ता भरतं. प्रवासी विमानांच्या पोटातून पाठवावं म्हटलं तर इथे येणारी सगळी अरुंद अंगाची, देशांतर्गत. त्यांत मोठी पॅलेट बसत नाही, पेट्या सुट्या रचाव्या लागतात. रुंद अंगाची विमानं साओ पाउलोजवळच्या ग्वारुल्योसला येतात. विमानाने युरोपला जाणाऱ्या ब्राझिली फळांत पपई ठळक आहे. तिला मोठी धावपट्टी दारात असावी लागली नाही, ती आपली ट्रकने ग्वारुल्योसला जाते आणि प्रवाशांच्या पायाखालून उडते. पेट्रोलिनाहून विमानाने जाणारा थोडका आंबाही झाडावर जास्त मुरवलेला, खायला तयार, दुकानात जास्त भाव घेणारा असतो. हिरवा तोडलेला आंबा जहाजाचा.

आता केळीचा हिशेब. चाळीस फुटी रिफर म्हणजे आतून थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये वीस-एकवीस टन केळी बसतात. एक जंबो मालवाहू साधारण ११० टन उचलतं, म्हणजे पाच कंटेनर. केळी पाऊण तयार, हिरवीच काटतात, १३-१४ अंशांत ती शांत झोपून प्रवास करते आणि न्हावाशेवाहून आखातात आठवड्याच्या आत पोचते. जी वस्तू जहाजात बिघडत नाही आणि किलोला स्वस्त आहे, तिला विमानात बसवणं म्हणजे तिच्या किमतीच्या कित्येक पट भाडं भरणं. तांदलवाडीच्या गटाने २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, त्याचा फायदा उठवायचा तर सावद्या-रावेरजवळ पॅकहाऊस, प्री-कूलिंग आणि वेळेवर मिळणारा रिफर कंटेनर यांवर पैसा लावावा. धावपट्टी माणसांसाठी वाढवा की, जरूर वाढवा. केळीच्या नावाने मात्र नको.

माणसांच्या सोयीकडे वळू. पेट्रोलिनाला परदेशातून थेट प्रवासी विमान नाही. जळगावहून जाणाऱ्याने मुंबईहून आदिस अबाबा, दुबई किंवा दोहामार्गे ग्वारुल्योस गाठावं आणि तिथून देशांतर्गत विमान घ्यावं, ते पावणेतीन-तीन तासांचं असतं. पेट्रोलिनाकडे अझुल, गोल आणि लाताम या तिन्ही मोठ्या ब्राझिली कंपन्या उडतात. तिकीट काढताना सापळा एकच, पण मोठा: अझुलची बरीच विमानं ग्वारुल्योसहून नव्हे, काम्पिनासच्या व्हिराकोपोस विमानतळावरून सुटतात. दोन्हींच्या नावापुढे ‘साओ पाउलो’ लिहिलेलं सापडतं आणि दोन्हींत रस्त्याने शंभरेक किलोमीटरचं अंतर आहे. सीएसएमटीला उतरून पुण्याहून सुटणारी गाडी पकडायला निघाल्यासारखं होतं. कोड पाहा: जीआरयू म्हणजे ग्वारुल्योस, व्हीसीपी म्हणजे व्हिराकोपोस, पेट्रोलिनाचा पीएनझेड.

ग्वारुल्योसला इमिग्रेशन झाल्यावर सामान स्वतः पट्ट्यावरून उचलावं लागतं, कस्टममधून न्यावं लागतं आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. मुंबईत बॅगेला पेट्रोलिनापर्यंतचा टॅग लागला असला तरी हे चुकत नाही. म्हणून दोन विमानांत किमान चार तास ठेवावेत, तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सहा. स्वस्तातल्या देशांतर्गत तिकिटात बहुधा फक्त हातातली १० किलोची बॅग धरलेली असते, २३ किलोची बॅग आधीच विकत घ्यावी, काउंटरवर ती महाग पडते. जळगाव-मुंबई विमानाच्या भरवशावर त्याच दिवसाचं परदेशी विमान पकडायचा मोह टाळावा. जळगावची सेवा २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने सुरू झाली, थांबली, २०१९ मध्ये ट्रूजेटने सुरू झाली, तीही थांबली, २०२४ मध्ये पुन्हा नवी विमानं आली. सध्याचं वेळापत्रक आदल्या आठवड्यात तपासायचं आणि तरी आदल्या रात्रीची रेल्वे हाताशी ठेवायची.

पेट्रोलिनाची इमारत एकच, प्रवासी ठरावीक विमानांपुरते, म्हणून चुकायला वाव नाही. पाट्या पोर्तुगीजमध्ये. ‘एम्बार्के’ म्हणजे निघणारे, ‘देझेम्बार्के’ म्हणजे येणारे, ‘पोर्ताऊं’ म्हणजे गेट, ‘एस्तेइरा’ म्हणजे सामानाचा पट्टा. एवढ्या चार शब्दांवर काम भागतं. शहर दहाएक किलोमीटरवर आहे, ॲपवरची टॅक्सी मिळते. पैसे देताना लोक ‘पिक्स’ म्हणतील, ते त्यांचं यूपीआय. स्थानिक कर आणि बँक क्रमांकाशिवाय आपल्याला ते चालत नाही, पण कार्ड जवळपास सगळीकडे घेतात. वीज पेर्नांबुकोत २२० व्होल्ट, आपल्यासारखीच. मात्र साओ पाउलोत बऱ्याच ठिकाणी १२७ असते, तिथे आपला पाणी तापवायचा रॉड रडत-कढत चालतो. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं तिकडच्या भोकात बसतात, जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे.

शाकाहाऱ्याची पंचाईत होते, उपाशी राहायची वेळ येत नाही. हे गाव बोकडाच्या मटणासाठी प्रसिद्ध आहे, इतकं की मटणाच्या खानावळींच्या एका अख्ख्या आवाराला बोदोद्रोमो म्हणजे ‘बोकडांचं मैदान’ म्हणतात. घेवड्याच्या आमटीत डुकराचं मांस असू शकतं, विचारून घ्यावं. विचारायला लाज वाटली तर तापिओका मागवावी. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच्याच पिठाचं हे धिरडं, आत नारळ किंवा चीज. पांव दि केझू हे चीजचे गोळेही त्याच पिठाचे, पण त्यात अंडं असतं. घरून न्यायचं तर कारखान्यात बंद केलेली, छापील वेष्टनातली शेव किंवा पापड न्यावेत. ताजी फळं, बियाणं, कलमं, माती, घरचं तूप-खवा यांना कस्टममध्ये बंदी समजावी. केळीचा मुनवा बॅगेत घालून नमुना दाखवायला नेणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवणं. येतानाही आंब्याची कोय किंवा द्राक्षाची काडी आणू नये, आपल्याकडचा वनस्पती-क्वारंटाइनचा नियम तितकाच कडक आहे.

जूनमध्ये साओ जुआऊंचा उत्सव असतो, ईशान्येतल्या विमानांची तिकिटं तेव्हा कडाडतात आणि हॉटेलं भरतात. बागा आणि पॅकहाऊस भरात पाहायची असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा.

जाण्याआधीच्या दोन गोष्टींत ढिलाई करू नये. ब्राझीलचा व्हिसा आपल्याला आधी काढावा लागतो, वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. आणि पीतज्वराची लस. लोक तिला ब्राझीलमध्ये शिरण्याचा कागद समजतात, पण ती खरी लागते परत येताना. ब्राझीलहून येणाऱ्याकडे ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर मुंबईत विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवतात. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं आणि मग ते आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तीही ठरलेल्या वारी आणि नाव नोंदवून. म्हणून मुंबई किंवा पुण्याची एक खेप वेगळी धरावी आणि निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी उरकावी. कार्डावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, वडिलांचं नाव मधे आलं आहे का, हे केंद्राच्या खिडकीवरच वाचून घ्यावं.